नाना म्हणजे नक्की कोण?

बालमित्रांनो,

आज सुरुवातीलाच एक सोपा प्रश्न विचारते. उत्तर पटकन द्यायचं, शेजारच्याच्या वहीत डोकवायचं नाही. सांगा बघू, नाना म्हणजे कोण?

"आमचे आजोबा!"

"आमच्या गल्लीतले किराणा दुकानवाले!"

"नाना पाटेकर!"

शाबास! सगळ्यांची उत्तरं बरोबर. पण गंमत अशी, की हाच सोपा प्रश्न एकदा माझा चुकला होता. हो, विद्यार्थ्यांचा नाही, बाईंचा! दहापैकी शून्य. ते कसं, ते आधी सांगते.

माझं लहानपण लातूरचं. आमच्या घरी वडिलांच्या वडिलांना सगळे नाना म्हणत. पांढऱ्या मिशा, हातात काठी, खिशात आमच्यासाठी गोळ्या. त्यामुळं 'नाना' म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर आजोबाच यायचे. पुढं मी डी.एड. झाले, नोकरी लागली आणि नेमणूक मिळाली ती नांदेड जिल्ह्यात, देगलूरच्या बाजूला, तेलंगणाच्या सीमेजवळच्या एका गावी. चौथीचा वर्ग माझ्याकडं होता.

वर्गात एक मुलगी होती. पाढे तोंडपाठ, अक्षर टपोरं, शाळा कधी बुडवायची नाही. एकदा ती सलग चार दिवस आलीच नाही. पाचव्या दिवशी उशिरा आली. वेणी विस्कटलेली आणि गृहपाठाची वही कोरी.

"काय गं, चार दिवस कामून आली नाहीस?" मी विचारलं.

"बाई, नानाला दवाखान्यात नेलंय. नांदेडला."

झालं! माझ्या डोळ्यांसमोर लातूरचे पांढऱ्या मिशांचे नाना. मी म्हणाले, "अगं, मग तू घरी राहून काय करणार? नानांपाशी मोठी माणसं असतील ना? परीक्षा तोंडावर आलीय आणि तू शाळा बुडवतेस?"

ती काहीच बोलली नाही. खाली मान घालून जागेवर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गैरहजर.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. ती चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. मांडीशी दोन वर्षांचा धाकटा भाऊ किरकिर करत होता. घरात मोठं माणूस म्हणजे डोळ्यांनी अधू झालेली एक म्हातारी आजी, बस्स.

"तुझी आई कुठाय गं?"

"नानापाशी."

"आणि वडील?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "बाई, तेच की नाना!"

मुलांनो, त्या चुलीपुढं मला माझीच लाज वाटली. ते घर तेलुगू बोलणारं होतं. तेलुगूत वडिलांना 'नान्ना' म्हणतात. तिच्या वडिलांचं ऑपरेशन झालं होतं, आई त्यांच्याजवळ होती आणि नऊ वर्षांचं हे लेकरू घर सांभाळत होतं. ती मला खरं तेच सांगत होती, स्पष्ट सांगत होती. समजलं नव्हतं ते मला! मी तिला जवळ घेतलं आणि म्हणाले, "माझं चुकलं गं." दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या काकूंनी धाकट्याला सांभाळायचं कबूल केलं आणि ती शाळेत यायला लागली. पंधरा-वीस दिवसांनी तिचे वडील बरे होऊन घरी आले. एका सकाळी शाळेच्या दारात उभे राहिले, हात जोडून हसले आणि म्हणाले, "बाई, मीच हिचा नान्ना."

तेव्हापासून मी या एका शब्दाचा पाठलाग करतेय. चला, तुम्हीही सोबत या.

तेलुगूतले नान्ना

आधी त्याच घरातून सुरुवात करू. मी त्या मुलीला विचारलं, "वडील जर नान्ना, तर आजोबांना काय म्हणतेस?" ती म्हणाली, "तात." आता हाच 'तात' संस्कृतात गेला की वडील होतो! आपल्या जुन्या मराठी गोष्टींतही वडिलांना 'तात' म्हणतात. म्हणजे सीमेच्या या बाजूचा बाप त्या बाजूला आजोबा झाला.

"आणि आजीला?" "नानम्मा." बघा कसं सोपं आहे. नान्नाची अम्मा ती नानम्मा आणि अम्माची अम्मा ती अम्मम्मा. नातं शब्दातच बांधून दिलंय. आपण मराठीत दोघींनाही 'आजी'च म्हणतो आणि मग 'कोणती आजी?' असं विचारत बसतो.

आणखी एक गंमत. तेलुगू घरांत मोठी माणसं लहान लेकरालाही लाडानं 'नान्ना' म्हणतात. हसू नका! आपणही दोन वर्षांच्या पोराला "ये रे बाबा, जेवून घे" असं म्हणतोच की.

तेलुगूत एक 'नाना'ही आहे आणि त्याचा अर्थ 'अनेक प्रकारचे' असा आहे. मग घोळ होत नाही का? नाही, कारण 'नान्ना' म्हणताना मधल्या 'न'वर जोर देतात. आमच्या मराठी कानांना मात्र तो जोर ऐकू येत नाही. तिनं 'नान्ना' म्हटलं, मी 'नाना' ऐकलं. एवढ्याशा अर्ध्या 'न'नं केवढा घोटाळा केला!

हिंदी-उर्दूतले नाना

आता लातूर किंवा नांदेडमधल्या एखाद्या उर्दू किंवा हिंदी बोलणाऱ्या मैत्रिणीच्या घरी जाऊ. तिथं नाना म्हणजे आईचे वडील आणि नानी म्हणजे आईची आई. दुसरं कोणी चालणार नाही! वडिलांचे वडील तिथं 'दादा' होतात. आपला दादा तर नववीत शिकणारा मोठा भाऊ. म्हणजे "दादा सायकलवरून पडले" हे वाक्य ऐकून आधी चौकशी करा, नक्की कोण पडलं ते.

आता ही जोडी शेजारी शेजारी ठेवून बघा. तेलुगूतली नानम्मा म्हणजे वडिलांची आई. हिंदीतली नानी म्हणजे आईची आई. शब्द जवळजवळ सारखे, नाती अगदी उलटी.

नांदेडला हुजूर साहिब गुरुद्वारा आहे. शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंगजी १७०८ साली इथंच निवर्तले. दर्शनाला पंजाबातून माणसं येतात, त्यामुळं नांदेडच्या रस्त्यावर पंजाबी भाषा सहज कानावर पडते. पंजाबीतही आईचे वडील नानाच आणि त्यांचं घर, म्हणजे आपलं आजोळ, ते 'नानके'. पहिले गुरू नानकदेव यांचा जन्म १४६९ सालचा. त्यांच्या थोरल्या बहिणीचं नाव नानकी. ती नानके इथं, म्हणजे आजोळी जन्मली म्हणून नानकी आणि तिच्या नावावरून धाकट्या भावाचं नाव नानक, असं परंपरेनं सांगतात. एका शब्दाच्या पोटात केवढं आजोळ दडलेलं आहे बघा!

आपले मराठी नाना

मराठीत मात्र नाना म्हणजे अमुकच नातं, असं काही नाही. कुणाच्या घरी ते वडील, कुणाकडं आजोबा, कुणाकडं थोरले काका. मराठीत नाना ही आदराची हाक आहे. इतिहासाच्या पुस्तकात तर नानांची रांगच लागलीय. पेशवे बाळाजी बाजीराव ते नानासाहेब. बाळाजी जनार्दन भानू ते नाना फडणवीस (१७४२ ते १८००). मुंबईत शाळा, कॉलेज, रेल्वे यांसाठी झटणारे जगन्नाथ शंकरशेठ ते नाना शंकरशेठ (१८०३ ते १८६५). साताऱ्याकडं प्रतिसरकार उभारणारे क्रांतिसिंह नाना पाटील तर १९६७ साली आपल्या मराठवाड्यातल्या बीडमधून खासदार म्हणून निवडून गेले होते. आणि नाना पाटेकरांचं खरं नाव विश्वनाथ, बरं का! मकरंद अनासपुरे यांच्यासोबत त्यांनी २०१५ साली शेतकऱ्यांसाठी 'नाम फाउंडेशन' सुरू केलं.

पण थांबा. मराठीत दुसराही एक नाना आहे. 'नाना प्रकारची फुलं', 'नाना तऱ्हेची माणसं'. हा नाना कुणाचा कोण? तर कुणाचाच नाही! तो संस्कृतातून आलेला निराळाच शब्द आहे. व्याकरणकार पाणिनीनं 'विना' आणि 'नाना' हे दोन शब्द एकत्रच सांगितलेत. दोघांचा मूळ अर्थ 'सोबत नसलेले'. जे एकत्र नाही ते वेगळं आणि वेगवेगळं म्हणजे अनेक प्रकारचं. असा 'नाना'चा अर्थ तयार झाला.

म्हणजे माणसातला नाना वेगळा आणि फुलांतला नाना वेगळा. वर्गात एकाच नावाची दोन मुलं असतात, पण ती भाऊ भाऊ नसतात, तसंच हे. शब्द सारखा दिसला की मूळही एकच असेल असं धरून चालायचं नाही. मी धरून चालले होते, म्हणून तर शून्य मिळालं!

फार जुनी आई आणि दूरदेशीचे नाना

आता एक आश्चर्य ऐका. ऋग्वेद हा आपल्या देशातला सर्वांत जुना ग्रंथ. त्याच्या नवव्या मंडलातल्या ११२ व्या सूक्तात एक कवी आपल्या घरची माहिती देतो. तो स्वतः कवी, वडील वैद्य आणि आई दगडावर धान्य दळणारी. त्यात वडिलांसाठी शब्द आहे 'तत' आणि आईसाठी 'नना'! आजोबा नाही, वडील नाही, चक्क आई.

इंग्लंडमध्ये पुष्कळ मुलं आजीला 'नॅना' म्हणतात. आफ्रिकेतल्या घाना देशात अकान भाषेत 'नाना' म्हणजे आजी-आजोबा आणि तीच तिथल्या मोठ्या माणसांना, गावच्या राजांना लावायची आदराची पदवी. २०१७ ते २०२५ या काळात घानाचे राष्ट्राध्यक्ष होते नाना अकुफो-अडो. आपल्या मराठी नानांसारखेच, नाही का?

स्पॅनिश भाषेत 'नाना' म्हणजे अंगाई. जपानीत 'नाना' म्हणजे सात हा आकडा. आणि अरबीत 'नाअना' म्हणजे पुदिना! म्हणजे आजोबांना हाक मारावी आणि कुणी पुदिन्याची जुडी आणून द्यावी, अशी गत.

आणि 'नाणं'? सुमारे १९०० वर्षांपूर्वी कनिष्क नावाचा कुशाण राजा होऊन गेला. अफगाणिस्तानापासून उत्तर भारतापर्यंत त्याचं राज्य होतं. त्याच्या नाण्यांवर एका देवीचं चित्र आहे आणि बाजूला तिचं नाव कोरलंय, 'नाना'. आपला 'नाणं' हा शब्द संस्कृत 'नाणक' यावरून आला. हे 'नाणक' त्या नाना देवीवरून पडलेलं नाव असावं, असं काही अभ्यासक सुचवतात. सगळ्यांना ते पटलेलं नाही, वाद चालू आहे. मोठ्यांचेही वाद असतात, बरं का!

असं का होतं?

तुम्ही म्हणाल, जगभर एवढे नाना आले कुठून? सगळे एकमेकांकडून शिकले का?

याचं उत्तर तुमच्या घरातल्या पाळण्यात आहे. बाळ सात-आठ महिन्यांचं झालं की काय बोलतं? मामामा, बाबाबा, दादादा, नानाना. ओठ मिटून उघडले की 'म' आणि 'ब', जीभ दातांमागं टेकली की 'त', 'द', 'न'. हे आवाज काढायला सगळ्यांत सोपे. 'ळ' किंवा 'ष' म्हणणारं तान्हं बाळ कुणी पाहिलंय? रोमन याकबसन नावाचे एक मोठे भाषाशास्त्रज्ञ होते. आई-वडिलांसाठी जगभर अशा सारख्या हाका का असतात, यावर त्यांचा एक लेख १९६० च्या सुमारास प्रसिद्ध झाला. त्यांनीही बाळाच्या तोंडाकडंच बोट दाखवलं.

बाळ नुसता आवाज काढतं. मोठी माणसं ठरवतात, की हे मला म्हणतंय! "बघा, मला हाक मारली!" असं तेलुगू घरात वडील म्हणाले, हिंदी घरात आईचे वडील म्हणाले, इंग्लंडात आजी म्हणाली. ज्यानं त्यानं तो आवाज आपल्या नावावर करून घेतला. जॉर्जिया देशात तर 'मामा' म्हणजे वडील आणि 'देदा' म्हणजे आई! आपला मामा तिकडं गेला तर बिचारा बाप होऊन परत यायचा.

जपानी सात, अरबी पुदिना आणि पाणिनीचा नाना हे मात्र पाळण्यातले नाहीत. त्यांची मुळं निराळी. फक्त आवाज सारखा जुळून आला.

सीमा नकाशावर, शब्द माणसांत

आपल्या भागात हा शब्दांचा मेळा जास्तच भरतो, त्याला कारण आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारे सगळे एकाच राज्यात आणि कारभार उर्दूतून. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार राज्यरचना झाली, संस्थानाचे तीन भाग तीन राज्यांत गेले. नकाशावर रेघ ओढली गेली. पण रेघेच्या अलीकडं तेलुगू बोलणारी घरं राहिली आणि पलीकडं मराठी बोलणारी. देगलूर, बिलोली, धर्माबादकडं तेलुगू ऐकू येते, तर उदगीर, देवणी, निलंग्याकडं कन्नड.

आपली मांजरा नदीच बघा ना. बीड जिल्ह्यात उगम पावते, लातूर जिल्ह्यातून कर्नाटकात जाते, तिथून तेलंगणात आणि शेवटी गोदावरीला मिळते. तिला कुणी विचारतं का, "तू मराठी की कन्नड की तेलुगू?" शब्दांचंही तसंच.

थोडं पालकांशी

आता दोन शब्द आई-बाबांसाठी. त्या मुलीनं नंतर मला एकदा विचारलं होतं, "बाई, मी शाळेत नान्ना म्हणू का पप्पा म्हणू? पोरं हसतात."

मला वाईट वाटलं. आपल्याकडं पुष्कळ घरांत असं होतं. घरची भाषा तेलुगू, कन्नड, उर्दू किंवा लमाणी असली, की "शाळेत तसं बोलू नको, चांगलं बोल" असं लेकरांना बजावलं जातं. वाईट हेतू नसतो. पोरगं मागं पडू नये एवढीच काळजी असते. पण लेकरू त्यातून एवढंच शिकतं, की वडिलांना ज्या शब्दानं हाक मारतो तो शब्द लपवायचा असतो. आणि 'पप्पा' तरी कुठं आपला? तो इंग्रजीकडून आला आणि इंग्रजीनं तो फ्रेंचकडून घेतला. एवढ्या लांबून आलेल्या पप्पांना आपण पाटावर बसवलं, मग शेजारच्या नान्नांनाच उंबऱ्यात का उभं करायचं?

शाळेची भाषा लेकरांनी उत्तम शिकावीच. ती शिकवणं माझं काम आहे. पण त्यासाठी घरची पुसायला नको. मी त्या मुलीला सांगितलं, "नान्नाच म्हण. आणि वर्गालाही सांग, नान्ना म्हणजे कोण ते." तिनं फळ्यावर लिहून दाखवलं. नान्ना, तात, नानम्मा, अम्मम्मा. मग एक मुलगा उठला आणि त्यानं उर्दूतली नाती लिहिली. मग एकीनं लमाणीतली. तास संपला तरी फळा पुरेना. हसणारी पोरं आपापल्या वह्यांत उतरवून घेत होती.

आता मी नव्या वर्गावर गेले की पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाला विचारते, "तुझ्या घरी कुणाला काय म्हणतात?" पुन्हा शून्य मिळायला नको, म्हणून!

तुमच्यासाठी उद्योग

१. वहीत एक तक्ता आखा. आई, वडील, आईचे वडील, वडिलांचे वडील, मोठा भाऊ, मोठी बहीण. वेगवेगळी भाषा बोलणाऱ्या तीन घरांत जाऊन विचारा आणि तक्ता भरा. विचारताना कुणाला हसायचं नाही, ही अट. तुमच्या घरी नाना कोण, तेही आम्हाला पत्रानं कळवा.

२. आता कोडं. मराठी, हिंदी आणि कन्नड अशी तीन घरं शेजारी शेजारी आहेत. तिन्ही घरांतून एकदम ओरडा झाला, "ताई आली!" तर प्रत्येक घरी कोण आलं?

(उत्तर: मराठी घरी मोठी बहीण. हिंदी घरी वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, म्हणजे आपली मोठी काकू. आणि कन्नड घरी आई, कारण कन्नडात 'तायि' म्हणजे आई.)

जमलं का? जमलं असेल तर दहापैकी दहा. आणि चुकलं तरी हरकत नाही, तुमच्या बाईही चुकल्या होत्या. फक्त चुकल्यावर विचारायचं, "तुझ्या घरी याला काय म्हणतात रे?"

तुमची,
बाई